सौंदर्यप्रसाधनांची निर्यात आणि वस्तूची कायदेशीर ओळख

सौंदर्यप्रसाधन आणि औषध यांतील सीमारेषा कोठे आखावी, हा प्रश्न वरकरणी केवळ व्याख्येचा वाटतो. निर्यातव्यापारात मात्र त्यावर सबंध व्यवहार अवलंबून असतो. एकाच डबीतील एकच वनस्पतिजन्य मलम भारतात आयुर्वेदिक औषधाच्या परवान्यावर तयार होते. युरोपीय संघात ते प्रसाधन म्हणून विकता येते, अथवा वेष्टनावरील एखाद्या क्रियापदापायी विनापरवाना औषध ठरून अडविले जाते. डबीतील द्रव्य या प्रवासात तसूभरही बदललेले नसते.

आपल्याकडे १९४० च्या औषध अधिनियमात सौंदर्यप्रसाधनांचा अंतर्भाव १९६२ च्या दुरुस्तीने झाला. तथापि दोहोंमधील वादाला खरी धार आली ती करामुळे. २०१७ पूर्वीच्या उत्पादनशुल्काच्या व्यवस्थेत औषधावरील शुल्क कमी असल्याने आपला माल औषधच आहे, असे उत्पादक हिरिरीने मांडीत. अडीच टक्के सेलेनियम सल्फाइड असलेला ‘सेल्सन’ शाम्पू औषध होय, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली दिला. नागपूरच्या उत्पादनशुल्क विभागाशी निगडित अशा ‘प्यूमा आयुर्वेदिक हर्बल’ प्रकरणातही २००६ साली कौल बहुतांशी उत्पादकाच्या बाजूने लागला. मौज अशी की, देशात ज्या मालासाठी ‘हे औषध आहे’ म्हणून न्यायालयात भांडावयाचे, त्याच जातीचा माल परदेशी धाडताना ‘हे औषध नव्हे’ असे पटवून द्यावे लागते.

याचे कारण युरोपीय कायद्याच्या रचनेत आहे. तेथे औषध दोन प्रकारांनी ठरते : त्याच्या प्रत्यक्ष क्रियेवरून, किंवा ते ज्या रूपाने ग्राहकापुढे मांडले जाते त्यावरून. ‘कोरडी त्वचा मऊ राखते’ हे प्रसाधनाचे वर्णन झाले. ‘इसब बरा करते’ असे म्हणताच ती वस्तू औषधाच्या कक्षेत जाते. मग पारंपरिक वनौषधी म्हणून नोंदणी का करू नये, असे कोणी विचारील. २००४ च्या युरोपीय निर्देशानुसार त्यासाठी तीस वर्षांच्या वापराचा पुरावा लागतो, आणि त्यांतील किमान पंधरा वर्षे साधारणतः युरोपीय संघातलीच असावी लागतात. शतकानुशतकांची भारतीय परंपरा या पंधरा वर्षांची जागा घेऊ शकत नाही. ही अट आयुर्वेदावर अन्याय करणारी आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. परंतु निर्यातदारास ती गृहीत धरूनच चालावे लागते. म्हणूनच बहुतेकांसाठी प्रसाधनाचा मार्ग हाच व्यवहार्य ठरतो.

हा मार्ग १२२३/२००९ क्रमांकाच्या विनियमाने आखलेला असून तो ११ जुलै २०१३ पासून पूर्णतः लागू आहे. विक्रीपूर्वी शासनाची परवानगी लागत नाही. मध्यवर्ती नोंदवहीत सूचना देणे पुरते. पण या सवलतीची किंमत कागदपत्रांच्या रूपाने मोजावी लागते. औषधनिर्माण, विषविज्ञान, वैद्यक किंवा तत्सम शाखेतील अर्हताप्राप्त तज्ज्ञाने सुरक्षितता-अहवाल द्यावयाचा असतो, आणि त्यासह संपूर्ण माहितीसंच शेवटचा घाणा बाजारात आल्यापासून दहा वर्षे जपून ठेवावा लागतो. वनस्पतींच्या अर्कांची अडचण येथे प्रकर्षाने जाणवते. शुद्ध रसायनाची घटना ठरलेली असते. हळदीच्या अर्काची घटना जमीन, हंगाम व अर्क काढण्याची रीत यांप्रमाणे बदलते. अर्काची विशिष्टता, जड धातूंचे व कीटकनाशकांचे अवशेष यांचा दाखला पुरवठादाराकडे नसेल, तर तज्ज्ञाला मत देणे अवघड जाते. ही उणीव प्राण्यांवरील प्रयोगांनी भरून काढण्याचा मार्गही ११ मार्च २०१३ पासून बंद आहे. भारतानेही प्रसाधनांसाठीच्या अशा चाचण्यांवर २०१४ साली बंदी घातली.

युरोपबाहेर रेषा पुन्हा सरकते. उन्हापासून रक्षण करणारे मलम युरोपात प्रसाधन, तर अमेरिकेत औषध मानले जाते. आपले पारंपरिक काजळ अमेरिकेत मान्य रंगद्रव्यांत मोडत नाही. ब्रिटनमध्ये १ जानेवारी २०२१ पासून स्वतंत्र नोंदणी लागते. उत्तर आयर्लंड तेवढे युरोपीय नियमांखाली आहे.

लहान उत्पादकाच्या दृष्टीने सर्वांत नाजूक बाब म्हणजे ‘जबाबदार व्यक्ती’. युरोपीय संघात स्थायिक असलेल्या अशा व्यक्तीवाचून कोणतेही प्रसाधन तेथे विकता येत नाही. आयात मालाबाबत ही जबाबदारी मुळात आयातदाराकडे येते. तो लेखी अधिकारपत्राने ती दुसऱ्याकडे सोपवू शकतो. तिचे नाव व पत्ता वेष्टनावर छापला जातो आणि माहितीसंच, म्हणजे घटकद्रव्यांच्या प्रमाणांसह मालाचे सूत्र, तिच्या ताब्यात राहतो. त्यामुळे आयातदार बदलावयाचा झाला की वेष्टने नव्याने छापावी लागतात, नोंद नव्याने करावी लागते, आणि जुन्या आयातदाराजवळ सूत्राची प्रत राहिलेली असते. ही जबाबदारी आयातदाराने त्रयस्थ संस्थेकडे सोपवावी, अशी अट पहिल्याच करारात घालून घेणाऱ्या उत्पादकाला थोडा अधिक खर्च येतो; पण ग्राहक बदलण्याचे स्वातंत्र्य त्याच्याकडे राहते.