जुन्या ट्रॅक्टरला केबिन बसविताना

वीस-पंचवीस वर्षे वापरलेला ट्रॅक्टर घरी असला, की इंजिनाचे काम, नवे टायर, रंग असे एकेक करीत शेवटी छताचा विषय निघतोच. तालुक्याच्या गावी फॅब्रिकेशनच्या दुकानात अँगल आणि पत्र्याचे हूड दोन-चार दिवसांत तयार होते. आता काचेच्या बंद केबिनही जुन्या ट्रॅक्टरवर बसवून मिळतात. रोटाव्हेटरची धूळ आणि मे महिन्याचे ऊन यांनी त्रासलेल्या चालकाला हे हवेसे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु पैसे मोजण्यापूर्वी आपण सावली घेत आहोत की संरक्षण, हे स्वतःशी स्पष्ट करून घ्यावे.

ट्रॅक्टर उलटतो तेव्हा त्याचे दीड-दोन टन वजन छताच्या खांबांवर येते. साध्या हुडाचे खांब बहुधा मडगार्डच्या पत्र्याला कसलेले असतात. ते वाकतात आणि छत चालकाच्या अंगावर येते. ट्रॉली किंवा नांगर अडकला आणि क्लच झटक्यात सोडला, तर पुढची चाके उचलल्यापासून सुमारे पाऊण सेकंदात ट्रॅक्टर सावरण्याची वेळ निघून जाते. उडी मारू, या भरवशावर कोणी राहू नये.

संरक्षक चौकट ही वेगळी वस्तू आहे. ती जाड पोलादाची असते, मागच्या अॅक्सलच्या आवरणावर बसते आणि ठरावीक भार देऊन तपासलेली असते. स्वीडनने १९५९ साली नव्या ट्रॅक्टरवर ती सक्तीची केली. चौकट ट्रॅक्टरला उलटू देत नाही असे नव्हे. उलटल्यावर चालकाभोवतीची जागा चेपू देत नाही. त्या जागेत चालक राहावा म्हणून सीटचा पट्टा लागतो. येथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी : चौकट असेल तर पट्टा बांधावाच, नुसते हूड असेल किंवा काहीच नसेल तर बांधू नये. पट्ट्याने बांधलेला माणूस ट्रॅक्टरखालीच सापडतो.

केबिन घेताना ती आपल्याच मॉडेलसाठी तपासलेली आहे काय, हे विचारावे. चौकटीवर तशी पट्टी असते. दुकानदार 'लय मजबूत आहे' म्हणतो, ती तपासणी नव्हे. तपासलेल्या चौकटीला मागाहून भोक पाडू नये, वेल्डिंगही करू नये. अॅक्सलचे आवरण बिडाचे असते. त्यावर वेल्डिंग केल्यास तडा जाण्याचा धोका असतो. उत्पादकाने दिलेले, उच्च ताणाचे बोल्टच वापरावेत आणि पहिल्या काही दिवसांच्या कामानंतर ते पुन्हा कसावेत.

बंद केबिनमुळे ट्रॅक्टरवर शे-दोनशे किलो वजन वाढते, तेही उंचावर आणि बरेचसे मागच्या बाजूला. म्हणून केबिन बसविल्यावर औजार जोडून, ते वर उचलून, फक्त पुढची चाके वजनकाट्यावर घ्यावीत. ट्रॅक्टरच्या वजनाच्या निदान २० टक्के भार पुढे हवा. १८०० किलोच्या ट्रॅक्टरला ३६० किलो झाले. कमी भरल्यास स्टिअरिंग हलके पडते, अशा वेळी पुढे वजने लावावीत. बांधावरून आणि उतारावरून काम असेल तर मागच्या चाकांतील अंतरही जमेल तेवढे वाढवावे.

आवाजाचा विचार सहसा कोणी करीत नाही. नुसत्या पत्र्याची बंद केबिन ढोलासारखी घुमते. ब्रिटनमध्ये सुरुवातीच्या सुरक्षा केबिनमध्ये हाच अनुभव आला आणि १९७६ पासून नव्या ट्रॅक्टरच्या केबिनमधील आवाजावर ९० डेसिबलची मर्यादा घालावी लागली. केबिन व ट्रॅक्टर यांच्यामध्ये रबरी बुश हवेत, पेडल व लिव्हरच्या फटी रबराने बंद हव्यात. या फटींतून धूरही आत येतो, त्यामुळे सायलेन्सरचे तोंड केबिनच्या वर नेलेले असावे. काच टफन्डच घ्यावी. दारापलीकडे बाहेर पडण्याची दुसरी वाट, म्हणजे उघडणारी मागची खिडकी, असावी.

माझे मत विचाराल तर, विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हात वातानुकूलन नसलेली काचेची केबिन म्हणजे भट्टी. जुन्या ३५ अश्वशक्तीच्या इंजिनावर वातानुकूलनाचा भार टाकणेही परवडत नाही. त्यापेक्षा तपासलेली चौकट आणि तिच्यावर हलके छत हे बरे. फवारणीसाठी केबिन घेणाऱ्यांनी मास्क सोडू नये. धुळीची साधी जाळी औषधाची वाफ अडवीत नाही.

जुन्या मॉडेलला चौकट मिळेलच असे नाही. तेव्हा निदान ट्रॉली व ओढायची औजारे खालच्या हिचलाच जोडावीत, विहिरीच्या काठापासून दूर राहावे आणि मडगार्डवर माणसे बसवू नयेत, मुलांना तर नाहीच.

ट्रॅक्टरच्या मूळ रचनेत असा बदल करण्यापूर्वी परिवहन कार्यालयात चौकशी करावी. मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ अशा बदलांसंबंधी आहे. विमा कंपनीलाही लेखी कळवावे.

द्राक्षबागायतदारांना मांडवाखाली उंच छत चालत नाही. त्यांच्यासाठी दुमडणारी दोन खांबांची चौकट सोयीची. दुमडलेल्या स्थितीत ती वाचवीत नाही, त्यामुळे तेवढा वेळ पट्टा बांधू नये. बागेतून बाहेर पडताच ती उभी करून पिना घालाव्यात आणि मगच पट्टा बांधून रस्त्याला लागावे.