पगारी माणूस, परका वाडा

दोहाच्या इंडस्ट्रियल एरियाला लागून असलेल्या एशियन टाउनमध्ये शुक्रवारी संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते. क्रिकेटचं मैदान, मोठं खुलं नाट्यगृह, मॉल, सिनेमागृह, घरी पैसे पाठवायच्या खिडक्यांपुढच्या रांगा. आणि त्यातून वाट काढणारे केरळ, आंध्र, बिहार, नेपाळ, बांगलादेश, श्रीलंकेकडचे लोक. मराठी माणूस या गर्दीत असतो, पण शोधावा लागतो. हा सगळा पसारा मुळात कामगारांसाठीच उभारलेला. इथला प्रेक्षक सिनेमा बघून परत जातो तो सामायिक खोलीतल्या आपल्या बंकवर. अशा माणसाला गॉथिक वळणाचा सायकॉलॉजिकल थ्रिलर दाखवला, म्हणजे अजस्र रिकामं घर, कुलूपबंद खोली आणि त्यात घाबरून फिरणारी एकटी बाई, तर तो नेमका कोणाच्या बाजूने बघत असेल? हा प्रश्न डोक्यात ठेवून गेल्या साठ वर्षांकडे वळून पाहिलं, तर आपल्याकडच्या वाड्या-हवेल्यांच्या भयकथा जरा वेगळ्याच दिसायला लागतात.

गॉथिक कादंबरीचा जन्म धरतात १७६४चा, होरेस वॉलपोलच्या ‘द कॅसल ऑफ ओट्रँटो’पासून. किल्ला, तळघर, शापित घराणं हे सामान तेव्हापासूनचं. पण आजच्या मानसशास्त्रीय थ्रिलरांचा खरा वंश सुरू होतो शार्लट ब्राँटेच्या ‘जेन आयर’पासून (१८४७), आणि त्याच घराण्यातली पुढची मोठी लेक म्हणजे डॅफ्ने ड्यू मॉरिए यांची ‘रेबेका’ (१९३८). या दोन्ही कादंबऱ्यांमध्ये एक बाब आहे जी पडद्यावर येता येता कायम गळते. दोघींच्या नायिका पगारी आहेत. जेन थॉर्नफील्ड या वाड्यावर येते ती शिक्षिका म्हणून, वर्षाला ३० पौंडांवर. ‘रेबेका’ची निवेदिका लग्नाआधी एका श्रीमंत बाईची पगारी सोबतीण असते, वर्षाला ९० पौंड. हेन्री जेम्सच्या ‘द टर्न ऑफ द स्क्रू’मध्ये (१८९८) भुतं दिसतात तीही नोकरीवर नेमलेल्या शिक्षिकेलाच. परक्या घरात पोटासाठी आलेलं माणूस, त्याला न सांगितलेली गुपितं, आणि सोडून जावं तर जायचं कुठे ही पंचाईत! गॉथिक भीतीचं मूळ इथे आहे, जाळी-जळमटं नंतरची.

आपण उसनवारी केली तेव्हा घर उचललं, पगार मागे ठेवला. ‘जेन आयर’वरून १९५२मध्ये ‘संगदिल’ निघाला, दिलीपकुमार आणि मधुबालाचा. त्यात जेनची शिक्षिकेची नोकरी गेली आणि मधुबाला देवळातली पुजारीण झाली. मग वॉलपोलनंतर बरोबर दोनशे वर्षांनी, १९६४मध्ये, तीन चित्रपट एकाच वर्षी आले: ‘कोहरा’, ‘वो कौन थी?’ आणि आपला ‘पाठलाग’.

‘कोहरा’चा दिग्दर्शक बिरेन नाग मुळात कला दिग्दर्शक, गुरुदत्तच्या चित्रपटांचे सेट उभारलेला माणूस. बास्करव्हिल्सच्या शिकारी कुत्र्याची गोष्ट उचलून त्याने १९६२मध्ये ‘बीस साल बाद’ केला होता. दोन वर्षांनी ‘रेबेका’ घेतली. त्यामुळे ‘कोहरा’त हवेलीला जितका जीव आहे तितका नायकाला नाही. बिस्वजीतबद्दल अधिक न बोललेलं बरं. पण त्या हवेलीची किल्ली होती आपल्या येवल्याच्या ललिता पवारांकडे. मूळ कादंबरीतली मिसेस डॅनव्हर्स, म्हणजे मेलेल्या मालकिणीची एकनिष्ठ कारभारीण, त्यांनी दाई म्हणून उभी केली. १९४२मध्ये चित्रीकरणात बसलेल्या थपडेमुळे त्यांच्या डाव्या डोळ्याला कायमचा दोष आला होता. तो अर्धवट मिटलेला डोळा वहिदा रेहमानवर रोखला जातो तेव्हा नव्या सुनेचं काय होत असेल हे सांगायला संवाद लागत नाही. त्या चित्रपटातला सगळ्यात जिवंत माणूस म्हणजे ही नोकरच. पण कॅमेरा तिच्या बाजूने एकदाही बघत नाही. ती धमकी म्हणून येते, धमकी म्हणूनच जाते.

राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ आला जयंत देवकुळे यांच्या ‘आशा परत येते’ या कादंबरीवरून. बायको डोळ्यांदेखत मेलेली, आणि नंतर तिच्यासारखीच दिसणारी बाई कोर्टात उभी राहून म्हणते की मीच ती. राज खोसलांनी त्यावरून १९६६मध्ये ‘मेरा साया’ केला, सुनील दत्त आणि साधनाला घेऊन. मराठीतून हिंदीत गेलेलं हे दुर्मीळ भय. त्यातला वाडा गौण आहे. भीती कोर्टात आहे. आपलं नाव आपलंच आहे हे बाईला नवऱ्यापुढे सिद्ध करावं लागतं, यापेक्षा गॉथिक काय असायचं? जुळ्या बहिणीचा उलगडा मात्र मला नेहमीच स्वस्त वाटत आला आहे.

योगायोग असा की त्याच १९६६मध्ये जीन ऱ्हिस यांची ‘वाइड सारगॅसो सी’ प्रसिद्ध झाली. ‘जेन आयर’मधल्या मालकाच्या, थॉर्नफील्डच्या माळ्यावर कोंडलेल्या वेड्या बायकोला त्यांनी बोलतं केलं. तिकडे दृष्टिकोन बदलला. आपल्याकडे बदलला तो आणखी दहा-बारा वर्षांनी आणि रंगभूमीवर, जिथे कोणी थ्रिलर शोधायला जात नाही.

जयवंत दळवींच्या ‘अंधाराच्या पारंब्या’ या कादंबरीवरून ‘बॅरिस्टर’ हे नाटक १९७७मध्ये आलं. विजया मेहतांचं दिग्दर्शन, विक्रम गोखले बॅरिस्टर, सुहास जोशी राधा. विलायतेहून आलेला सुधारक, पडझड झालेला वाडा, घराण्यात वेडाचा वारसा, आणि तो आपल्यापर्यंत येणारच या धास्तीने पोखरलेला माणूस. ‘जेन आयर’चा माळा इथे मालकाच्याच डोक्यात आहे. नाटकात भूत नाही. पण त्या वाड्यात एक मावशी आहे, केशवपन झालेली, आलवणात आयुष्य काढलेली. मराठी गॉथिकमधली नोकर ही अशी असते: नात्यातली, बिनपगारी, सोडून जायला जागा नसलेली. डॅनव्हर्सला निदान महिन्याचे पैसे मिळत होते. तरुण राधा विधवा होते आणि तिचंही तेच होणार की काय, या एका शंकेवर प्रेक्षक खुर्चीच्या टोकावर येतो. विजयाबाईंनी पुढे यावरच ‘रावसाहेब’ हा हिंदी चित्रपट केला आणि त्यातल्या मावशीसाठी त्यांना सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आपल्याकडचं अव्वल गॉथिक कोणतं असं विचारलं तर मी बेधडक ‘बॅरिस्टर’चं नाव घेईन, दळवींना ते लेबल आवडलं असतं की नाही, कोण जाणे.

त्या आधी एकच वर्ष, १९७६मध्ये, वसंत जोगळेकरांचा ‘हा खेळ सावल्यांचा’ येऊन गेला होता. आशा काळेंना छळणारं नरसूचं भूत आणि सुधीर मोघे-हृदयनाथ मंगेशकरांची गाणी. गाणी टिकली, त्यातल्याच एकाच्या शब्दांनी चाळीस वर्षांनी एका मालिकेला नाव दिलं. दरम्यान नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांनी पुस्तकांतून दोन पिढ्यांची झोप उडवली. धारपांची ‘लुचाई’ स्टीफन किंगच्या ‘सेलम्स लॉट’वरून, किंगची ती कादंबरी ‘ड्रॅक्युला’वरून, असा तो रक्तपिपासू काउंट दोन मुक्काम करून मराठी गावात पोचला. मतकरींची भीती याहून घरगुती आणि म्हणून जास्त लागणारी.

२०१६मध्ये झी मराठीवर ‘रात्रीस खेळ चाले’ सुरू झाली. सावंतवाडीजवळच्या आकेरीतलं नाईकांचं घर, कुटुंबप्रमुख अण्णांचा मृत्यू, गोळा झालेलं कुटुंब, जमीनजुमला आणि मालवणी बोली. अंधश्रद्धेवरून ओरडही झाली. मला त्यातला पांडू महत्त्वाचा वाटतो. अर्धवट वाटणारा घरगडी, घरात कुठेही असणारा, सगळं बघितलेला आणि नको तेव्हा विसरणारा. भूमिका केली होती प्रल्हाद कुडतरकर यांनी, आणि ते मालिकेच्या लेखकांपैकी एक. लेखकाने वाड्यात आपल्यासाठी जागा निवडली ती गड्याची, हे मला फार सूचक वाटतं.

‘तुंबाड’ हा या सगळ्याचा कळस. राही अनिल बर्वे यांना नागझिऱ्याच्या जंगलात मित्राने धारपांची एक गोष्ट सांगितली होती; त्या बीजातून २०१८चा हा चित्रपट आला. नाव श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून, वाडा सासवडचा. बहुतेक लोक बोलतात ते हस्तर या हावऱ्या राक्षसाबद्दल, सोन्याच्या मोहरांबद्दल, कणकेच्या बाहुल्यांबद्दल. पण १९१८च्या पहिल्या भागाकडे नीट बघा. नायक विनायकची आई विधवा. ‘सरकार’ म्हणवणाऱ्या वाड्याच्या म्हाताऱ्या मालकाची सेवा करते, एका मोहरेच्या आशेवर. घरी साखळदंडाने बांधलेल्या आजीला वेळेवर भरवणं हेही तिचंच काम. पगार नाही, ठरलेली मुदत नाही. पावसात भिजलेल्या त्या घरात आई नसताना ताट घेऊन आजीजवळ जायची पाळी पोरावर येते, आणि आजी जागी होते. हा प्रसंग भयंकर आहे तो मेकअपमुळे नव्हे. घरातलं एक न उरकणारं काम लहान पोरावर येऊन पडलं म्हणून. विनायक मोठा होऊन मालक बनतो ते त्या मोलकरणीच्या आयुष्याचा सूड म्हणून, आणि मग स्वतःच्या मुलाला मोहरांच्या विहिरीत उतरायला शिकवतो. पहिल्या प्रदर्शनात बेताचीच कमाई केलेला हा चित्रपट सप्टेंबर २०२४मध्ये पुन्हा लागला तेव्हा आधीपेक्षा जास्त चालला. ‘लपाछपी’नेही (२०१७) एक गंमत केली होती: त्यात कर्जाने पळालेलं शहरी जोडपं आपल्या ड्रायव्हरच्या घरी आसरा घेतं, चहूकडे ऊस. मालकीणच आश्रित झाली.

एशियन टाउनमधल्या मल्याळी दोस्तांसमोर हे सारं बोललं की ते हसून ‘मणिचित्रताळ’ काढतात, १९९३चा, ज्याचा हिंदीत ‘भूल भुलैया’ झाला. रास्तच आहे, शोभनाची गंगा हे भारतीय मनोविकारी गॉथिकचं शिखर मानतात. पण त्यात नायिका घराण्यातली सून आहे. माझ्या मुद्द्याला बळ देतो तो फेब्रुवारी २०२४चा ‘भ्रमयुगम’. काळा-पांढरा, सतराव्या शतकातला मलबार. गुलामांच्या व्यापारातून निसटलेला तेवन हा खालच्या जातीचा गायक एका मोडकळलेल्या घरात शिरतो. मालक मम्मूटी, बाकी घरात फक्त एक स्वयंपाकी. मालक त्याला जेवू घालतो, फाशांचा डाव मांडतो. पैजेला लावायला तेवनकडे काही नाही, म्हणून तो आपल्या आयुष्याचा वेळ लावतो. हरतो. मग दार उघडंच असतं, पण बाहेर पडता येत नाही.

कतारमध्ये बहुतेक कामगारांना देश सोडताना मालकाची परवानगी लागायची ती २०१८मध्ये रद्द झाली, नोकरी बदलायला मालकाचं पत्र लागायचं ते २०२०मध्ये. किमान वेतन १००० रियाल ठरलं ते मार्च २०२१पासून. म्हणजे इथल्या तिशीपुढच्या कुठल्याही प्रेक्षकाला फाशांच्या त्या डावातली अट समजावून सांगावी लागणार नाही. ‘भ्रमयुगम’नंतर दीड महिन्यातच ‘आडुजीवितम्’ आला, बेन्यामिन यांच्या २००८च्या कादंबरीवरचा: सौदीच्या वाळवंटात शेळ्या राखायला अडकवलेला मल्याळी. त्याला गॉथिक कोणी म्हटलं नाही, कारण त्यात भिंती नाहीत.

रत्नागिरी-सिंधुदुर्गातून आखातात येणाऱ्यांची परंपरा जुनी आहे, पण त्यांची भीती मराठी थ्रिलरमध्ये अजून मला भेटलेली नाही. आपले लेखक वाडा सोडायला तयार नाहीत. दोहाच्या एखाद्या व्हिलात मागच्या खोलीत राहून मालकांची दोन मुलं सांभाळणारी बाई घ्यायला काय हरकत आहे? नोकरी जेनचीच, पगार रियालमध्ये, आणि वरच्या मजल्यावरची एक खोली कधीच न उघडणारी.