सपाट फरशी आणि आमचा चढ

पवईच्या डोंगरउतारावर ज्यांची घरे आहेत, त्यांना चालणे म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको. नळ खाली, घर वर. मध्ये पायऱ्या आणि पावसाळ्यात शेवाळ. आमच्या शेजारच्या मावशींचा उजवा पाय लहानपणीच पोलिओने अधू झाला. गुडघ्यावर हात दाबत त्या हा चढ रोज चढतात.

अपंगत्वाच्या दाखल्यासाठी आम्ही त्यांना इस्पितळात नेले. डॉक्टरांनी विचारले, "चालता येतं का?" मावशी म्हणाल्या, "येतं की साहेब!" आणि सपाट फरशीवर ताठ मानेने दहा पावले चालून दाखवली. लाचारी दाखवायची नाही, ही जन्माची सवय. दाखला आला ३५ टक्क्यांचा.

वाचकहो, इथे पाच टक्क्यांना फार मोल आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातले बहुतेक लाभ ४० टक्क्यांपासून सुरू होतात. संजय गांधी निराधार योजनेलाही तेवढेच लागतात. त्या योजनेतले दिव्यांगांचे अनुदान शासनाने २०२५ साली दरमहा १५०० वरून २५०० रुपये केले. केंद्राच्या इंदिरा गांधी दिव्यांग निवृत्तिवेतनासाठी तर ८० टक्के हवेत.

हे टक्के येतात कुठून? केंद्र शासनाच्या मार्गदर्शक सूचनांत पायाची तपासणी दोन भागांत आहे. पहिला भाग हालचालीचा: सांधे किती वाकतात, स्नायूंत जोर किती. दुसरा भाग तोल सावरण्याचा. त्यात नऊ कामे पाहायची, प्रत्येकाला १० टक्के: सपाटीवर चालणे, उतारावर चालणे, जिना चढणे, दोन्ही पायांवर उभे राहणे, अधू पायावर उभे राहणे, उकिडवे बसणे, मांडी घालणे, गुडघ्यांवर बसणे आणि वळणे. दोन्ही भागांची सरळ बेरीज होत नाही, सूत्र लावतात. ३० आणि ३० चे ६० न होता ५० होतात.

म्हणजे आपला उतार आणि आपला जिना नियमातच आहे! तरी सपाट फरशीवर दहा पावले पाहून काम आटोपते आणि आपणही गप्प बसतो.

म्हणून आमची विनंती. तपासणीला जाताना खोटे काही सांगू नका, पण खरे लपवूही नका. घरी काठी वापरत असाल तर ती बरोबर न्या. जिना चढताना कशाचा आधार लागतो, हंडा घेऊन किती वेळा थांबावे लागते, उकिडवे बसल्यावर उठता येते का, ते सांगा. जुने कागद जपून ठेवा. दाखला नाकारला तर कारण लेखी मागा. कायद्याच्या ५९ व्या कलमाने अपील करता येते.

मावशींचा अपिलाचा अर्ज आम्ही परवाच भरला. सही करताना त्या म्हणाल्या, "मला वाटलं, येत नाही म्हटलं तर भीक मागितल्यासारखं होईल." मावशी, ही भीक नव्हे. हा हक्क आहे, आणि तो खरे सांगूनच मिळवायचा आहे.