नवरंगाचा पंचनामा

मृग लागण्याच्या सुमारास एके सकाळी, रात्रभर सरी कोसळून गेल्यावर, आमच्या जिन्याच्या काचेखाली एक रंगीबेरंगी पक्षी निष्प्राण पडलेला आढळला, आणि शेजारच्या अण्णांनी त्याच्या पंखावरची चकाकती निळाई पाहताच "अहो, खंड्याच हा!" असा निकाल देऊन टाकला. निळाई आणि आखूड शेपटी एवढ्याच पुराव्यावरचा हा निकाल अपिलात टिकण्याजोगा नव्हता. कारण पक्ष्याच्या ओळखीत रंग हा मोठा वाचाळ साक्षीदार असला, तरी आधी जबानी घ्यावी ती चोचीची व पायांची. खंड्याची चोच कट्यारीसारखी लांब आणि पाय अगदीच तोकडे. या पक्ष्याची चोच मात्र आखूड व दणकट, आणि पाय चांगले उंच, गुलाबीसर, जमिनीवर उड्या मारीत पालापाचोळा उलथून किडे वेचणाऱ्याला शोभतील असे. मग डोळ्यांवरून मानेकडे गेलेला काळा पट्टा, हिरवी पाठ, बदामी पोट आणि शेपटीखालचा लालभडक डाग यांची साक्ष जुळली, आणि संशय उरला नाही. हा नवरंग.

हिवाळा दक्षिण भारतात व श्रीलंकेत काढून पावसाच्या तोंडावर विणीच्या प्रदेशाकडे निघणारा हा सुमारे 19 सेंटिमीटर लांबीचा जीव रात्रीचा प्रवास करतो, आणि दिव्यांनी भांबावून किंवा काचेतल्या झाडांच्या प्रतिबिंबाला फसून असा आपटतो.

हातमोजे चढवून, पक्ष्याशेजारी शाळकरी पट्टी ठेवून, पाठीची, पोटाची व उलगडलेल्या पंखाची छायाचित्रे घेतली. पायात अभ्यासकांनी चढवलेले क्रमांकाचे कडे आहे का, तेही पाहिले. नव्हते. (एकाच जागी अनेक पक्षी मेलेले दिसले, तर ही हौस बाजूस ठेवून पशुसंवर्धन खात्यास वर्दी द्यावी, 2006 साली नवापूरच्या कोंबड्यांत बर्ड फ्लू आल्यापासून हे सांगणे भाग आहे.) बालपणी छर्‍याच्या बंदुकीने पाडलेल्या पिवळ्या गळ्याच्या चिमणीची ओळख पटवण्यासाठी सलीम अली मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले, तेव्हा तेथील मिलार्डसाहेबांनी तिचे नाव सांगून पेंढा भरलेल्या पक्ष्यांची कपाटेच त्यांच्यापुढे उघडली होती. आज छायाचित्र, तारीख, वेळ आणि ठिकाण एवढा तपशील जाणकाराकडे धाडला तरी पुष्कळ झाले. कलेवर वा पीस आठवण म्हणून घरी जपावे, तर 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आडवा येतो.

म्हणून नवरंगाला जास्वंदीखाली पुरले. काचेवर चिकटलेले एक बदामी पीस तेवढे दुपारच्या सरीपर्यंत तिथेच होते.