ट्यूनरची सुई हलली, म्हणजे सूर हलला का?

बेळगाव घ्या की फोंडा, गाण्याच्या क्लासला येणाऱ्या मुलांच्या मोबाईलमध्ये आता ट्यूनरचं अ‍ॅप असतंच. मुलगी गंधार लावते, सुई हिरव्या खुणेच्या अलीकडे थांबते नाहीतर नाचत राहते, आणि पालक विचारतात, "सर, बेसूर होतंय का हो?" बऱ्याचदा होत नसतं. सुई मोजते ते वेगळं, कान ऐकतो ते वेगळं.

आधी नाचणाऱ्या सुईचं बघू. पाश्चात्त्य ऑपेरा गाणाऱ्यांच्या आवाजात व्हायब्रेटो असतो. आवाज सेकंदाला साधारण ५ ते ७ वेळा वर-खाली होतो. इतक्या वेगात कान ते सूर सुटे ऐकत नाही. सगळ्याचा मिळून एकच सूर ऐकू येतो, आणि तो त्या झोक्याच्या जवळपास मधोमध असतो. हाच झोका बराच संथ झाला की कान त्याच्या मागे जायला लागतो. दरबारीचा कोमल गंधार आपण असाच ऐकतो. तिथे आंदोलन ऐकू यायलाच हवं. सुईला मात्र ऑपेरा आणि दरबारी यांत काहीच फरक कळत नाही.

आता खुणेच्या अलीकडे थांबणारी सुई. खरी गोम इथे आहे.

तंबोऱ्याची तार एकच सूर देत नाही. मूळ कंपनाच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट असे उपस्वरही देते. जवारी चांगली असली की ते स्पष्ट ऐकू येतात, म्हणून तर मिरजेच्या कारागिरांचा हात त्या घोडीवर एवढा वेळ चालतो. त्यातला पाचवा उपस्वर म्हणजे आपला स्वयंभू गंधार. हिशोबासाठी सा २४० हर्ट्झ धरू. त्याचा पाचवा उपस्वर १२००. गायिकेचा गंधार ३०० वर असेल तर त्याचा चौथा उपस्वरही १२००. दोन्ही एकमेकांत मिसळतात आणि सूर 'लागला' असं आपण म्हणतो.

हार्मोनियमवर सप्तकाचे १२ सारखे भाग केलेले असतात. तिथला गंधार येतो सुमारे ३०२.४ वर. त्याचा चौथा उपस्वर १२०९.५. तंबोऱ्यासोबत तो वाजला की सेकंदाला नऊ-दहा ठोके पडतात, कानाला बारीक खरखर जाणवते. बहुतेक ट्यूनर अ‍ॅपही याच १२ भागांवर चालतात. म्हणजे तंबोऱ्याशी चोख जुळलेला गंधार अ‍ॅप १४ सेंट 'कमी' दाखवणार (एका अर्ध्या स्वराचे १०० सेंट). पोर सुईचं ऐकून सूर चढवते आणि खरोखरच बेसूर होते.

हा वाद आजचा नाही. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी १९१० साली बावीस श्रुतींवर पुस्तक काढलं. पुढे क्लेमंट्स या इंग्रज अधिकाऱ्यासोबत श्रुती-हार्मोनियमचा खटाटोप झाला, त्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याची मदत होती. १९४० मध्ये तर आकाशवाणीनं हार्मोनियमलाच दार बंद केलं होतं. अर्थात आपल्याकडचं नाट्यसंगीत आणि भजन पेटीशिवाय उभं राहत नाही, तेव्हा पेटी फेकून द्या असं कोण म्हणणार!

व्हायब्रेटोचा आणखी एक उपयोग म्हणजे तो चूक झाकतो. आवाज सतत हलत असला की ते ठोके स्थिर होत नाहीत, कानाला तक्रार करायला सवडच मिळत नाही. ख्यालात ही सोय नाही. कुंदगोळच्या सवाई गंधर्वांकडे शिकलेल्या भीमसेन जोशी आणि गंगूबाई हानगल यांचा उभा षड्ज ऐका. तंबोऱ्यासमोर तो उघडा असतो, लपायला जागा नाही.

अ‍ॅप वापरायचंच असेल तर सा आणि पंचम तपासायला वापरा. पंचमात दोन पद्धतींचा फरक जेमतेम २ सेंटचा आहे. शुद्ध गंधार आणि निषाद मात्र तंबोऱ्याशीच जुळवा, फोन उलटा ठेवून.