न्हाण आलं, म्हणून उंची थांबली?

कोल्हापूर जिल्ह्यातल्या मुरगूडच्या घरी माळ्यावरची ट्रंक आवरताना गेल्या उन्हाळ्यात माझ्या भाचीची जुनी प्रगतिपुस्तकं सापडली. गुणांच्या तक्त्याखाली नेहमीचे दोन रकाने, उंची आणि वजन. पहिल्या सत्रातली उंची लावून पाहिली : चौथीत 129, पाचवीत 135, सहावीत 142, सातवीत 149, आठवीत 147, नववीत 155, दहावीत 156. म्हणजे आठवीत पोरगी दोन सेंटीमीटरनं आखडली! आखडली कसली, बाईंनी हजेरी घेता घेता अंदाजानं आकडा टाकला असणार. मी स्वतः तीस वर्षं शिकवलंय. जूनच्या गडबडीत साठ पोरांचे असे आकडे मीही टाकलेत, त्यामुळे त्या बाईंना नावं ठेवायचा मला अधिकार नाही.

सातवीच्या दिवाळीत भाचीला पाळी आली आणि आमच्या आत्तीनं तिथंच निकाल देऊन टाकला : "आता कुठली उंची वाढत्या? न्हाण आलं की पोरगी आडवीच वाढत्या." पोरगी रडकुंडीला आली. कारण तिला पोलीस व्हायचं होतं, आणि महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीत मुलींना उंची लागते किमान 155 सेंटीमीटर. आमच्या भागात हा आकडा पोरींना पाढ्यासारखा पाठ असतो. पहाटे निपाणी रस्त्यानं चालत गेलात तर ट्रॅक पँट घालून पळणाऱ्या पोरी भेटतील. त्यांना विचारा, दहावीचे टक्के एक वेळ सांगायच्या नाहीत, उंची मिलिमीटरात सांगतील.

आत्तीचं चुकलं होतं. पण पूर्ण चुकलं नव्हतं, आणि सगळी गंमत तिथंच आहे.

आपल्याकडे 'वयात येणं' आणि 'पाळी येणं' हे एकच धरतात. शरीराच्या हिशेबात या दोन गोष्टींत दोन-अडीच वर्षांचं अंतर असतं. मुलगी वयात यायला लागते ती छातीत गाठ हाताला लागते तेव्हा, बहुतेकींच्या बाबतीत दहा-अकराव्या वर्षी. घरात ते कुणाच्या ध्यानातही येत नाही. त्यानंतर वर्षभरातच उंचीची खरी उसळी येते. पाळी येते तेव्हा ही उसळी ओसरायला लागलेली असते. ब्रिटनमध्ये डब्ल्यू. ए. मार्शल आणि जेम्स टॅनर या दोघांनी हार्पेंडनच्या बालगृहातल्या मुलींना वर्षानुवर्षं दर काही महिन्यांनी मोजलं आणि 1969 साली हा क्रम कागदावर मांडला. आज कोल्हापुरातला बालरोगतज्ज्ञ मुलीची वाढ ज्या पाच पायऱ्यांनी ठरवतो, त्या टॅनरच्याच. ऐन उसळीच्या वर्षात मुलगी सरासरी आठ सेंटीमीटरच्या आसपास वाढते, आणि पहिली पाळी येते ती जवळजवळ नेहमी हे शिखर पार केल्यावर.

तर प्रश्नाचं सरळ उत्तर असं. वयात यायला लागल्यावर मुलगी वाढते का? वाढते, जन्मल्यानंतरची पहिली दोन वर्षं सोडली तर तेव्हाच सगळ्यात वेगानं वाढते. त्या काही वर्षांत मिळून वीस-पंचवीस सेंटीमीटर. आणि पाळी आल्यावर? तेव्हाही वाढते, पण उतरत्या वेगानं, दोन-अडीच वर्षांत सरासरी पाच ते सात सेंटीमीटर. भाची सातवीच्या जूनमध्ये 149 होती, दहावीत 156. आत्तीला हे दाखवलं तर ती म्हणाली, "मग आडवी बी वाढलीच की." तेही खरं. पाळीच्या आसपास अंगावर चरबी धरते, ती धरायलाच हवी.

सरासरीच्या पोटात एक बारकावा आहे. पाळी जितकी लवकर, तितकी पाळीनंतरची वाढ जास्त. दहाव्या वर्षी पाळी आलेली मुलगी पुढे आणखी आठ-दहा सेंटीमीटर वाढू शकते, चौदाव्या वर्षी आलेली तीन-चारच. याचा अर्थ लवकर पाळी येणं चांगलं असा नाही. लवकर पाळी आलेली मुलगी मुळात कमी उंचीवरून निघालेली असते.

वाढ थांबते कशानं, हे कळायला हाडाचं टोक बघावं लागतं. मांडीच्या, नडगीच्या लांब हाडाच्या टोकाशी कूर्चेची एक पातळ चकती असते. नवं हाड तिथं तयार होतं. वाढीला जोर देणारं इस्ट्रोजेनच पुढे या चकतीचा साठा संपवत आणतं आणि ती हाडात मिसळून जाते. एकदा मिसळली की काम संपलं. मुलग्यांच्यातही हे काम इस्ट्रोजेनच करतं, याचा मोठा पुरावा 1994 साली अमेरिकेतल्या एका माणसानं दिला. वय 28, उंची 204 सेंटीमीटर, आणि वाढ अजून चालूच. त्याच्या शरीरात इस्ट्रोजेन भरपूर होतं, पण जनुकातल्या दोषामुळे पेशी त्याला दादच देत नव्हत्या. त्याच्या हाडांच्या चकत्या मिटल्याच नव्हत्या.

वाढीलाही क्रम असतो. आधी पाऊल, मग पाय, शेवटी धड. चपलांचं गाव कोल्हापूर, पण हे लक्षात ठेवणारी आई विरळाच : वर्षात दुसऱ्यांदा चप्पल लहान झाली की समजावं, उसळी दारात आली. पाळीनंतर जी उंची वाढते त्यात पाठीच्या मणक्यांचा वाटा मोठा. म्हणून सलवार आखूड होत नाही, आणि घरच्यांना वाटतं थांबली.

सहावी-सातवीच्या वर्गाचा फोटो काढताना मुली मागच्या रांगेत उभ्या कराव्या लागतात, हे कुठल्याही मास्तरला ठाऊक असतं. मुलग्यांची उसळी दोन वर्षं उशिरा येते. त्या दोन वर्षांत ते बालपणाच्या चालीनं वर्षाला पाच सेंटीमीटर वाढतच राहतात आणि मग उसळीही जरा मोठी घेतात. मोठेपणी बाई-पुरुषांत साधारण 13 सेंटीमीटरचा फरक पडतो तो यातून. डॉक्टर मुलीच्या उंचीचा अंदाज असाच काढतात : वडिलांच्या उंचीतून 13 वजा करा, आईची मिळवा, दोननं भागा. यात आठेक सेंटीमीटर इकडे-तिकडे धरायचे.

न्हाण आलं म्हणजे मुलीची वाढ पुरी झाली का, हा प्रश्न मराठी मुलखात एकदा फार मोठ्यानं विचारला गेला होता, फक्त तेव्हा त्याला उंचीचा प्रश्न कुणी म्हटलं नाही. 1891 चा संमतिवयाचा कायदा. लग्न झालेल्या मुलीशीही दहा वर्षांच्या आत संबंध हा गुन्हा होता, ती मर्यादा बारावर न्यायची होती. न्हाण येताच गर्भाधान हा शास्त्राचा आदेश, सरकारनं त्यात हात घालू नये, असा टिळकांच्या बाजूचा पक्ष. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी शास्त्रांच्याच आधारानं उलट बाजू मांडली. सोळा वर्षांच्या आतल्या मुलीला गर्भ राहिला तर तो नीट पोसत नाही, हे सुश्रुतसंहितेतलं मत वादात होतंच. आनंदीबाई जोशींना चौदाव्या वर्षी मूल झालं आणि ते दहा दिवसांत गेलं, ही गोष्ट तेव्हा ताजी होती. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंनी नवऱ्याकडे नांदायला जायला नकार दिला, 1887 साली कोर्टानं नांदा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा असं सुनावलं, तेव्हा त्यांनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली होती.

न्हाण आलं म्हणजे बाई झाली, हे सगळ्या वादाच्या बुडाशी होतं, आणि शरीरशास्त्राच्या दृष्टीनं ते धादांत खोटं आहे. पाळीनंतर उंची दोन वर्षं वाढते, आणि बाळंतपणाची वाट, म्हणजे कटीची हाडं, उंची थांबल्यावरही रुंदावत असतात. बांगलादेशाच्या खेड्यांतल्या किशोरींची मोजमापं घेतली तेव्हा दिसलं की गरोदर राहिलेल्या मुलींची उंची जागच्या जागी थांबली, त्याच वयाच्या इतर मुली मात्र थोड्या का होईना वाढत राहिल्या. महाराष्ट्रात 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 20 ते 24 वयाच्या 21.9 टक्के बायकांचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. 1891 फार मागं पडलंय असं मला वाटत नाही.

आता भाकरीचा प्रश्न. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 साली पुण्याजवळच्या सहा गावांत गर्भार बायकांचा अभ्यास सुरू केला. गरोदरपणाआधी त्या बायकांची सरासरी उंची होती सुमारे 152 सेंटीमीटर, वजन 42 किलो. देशातल्या बायकांची सरासरीही 152 च्याच आसपास. म्हणजे आपली सरासरी बाई पोलीस भरतीच्या पट्टीखाली तीन सेंटीमीटरनं नापास. पण आपल्या पोरींची हाडंच आखूड, असं म्हणून मोकळं होता येत नाही. दक्षिण कोरियातल्या बायका शंभर वर्षांत सरासरी वीस सेंटीमीटरनं वाढल्या. माणसं तीच, ताटं बदलली.

ताट बदलायचं कधी, हा खरा पेच. भारतातून स्वीडनमध्ये दत्तक गेलेल्या मुलींचा अभ्यास तिथल्या डॉक्टरांनी 1991 च्या सुमारास प्रसिद्ध केला. लहानपणी उपासमार झालेल्या या मुली स्वीडनच्या दुधातुपावर भराभर वाढल्या, पण त्यांना पाळी साडेअकराच्या सुमारासच आली आणि उंची सरासरी 154 वर थांबली. अंगणवाडीच्या वयात हुकलेलं सातवीत भरून निघत नाही. तरीही नऊ ते तेरा ही वर्षं हातात असतात, आणि नेमकी त्याच वर्षांत आपल्या घरांत मुलीच्या ताटातली दुसरी भाकरी, अंडं, दुधाचा पेला भावाकडे सरकतो. मुलगा "वाढतोय" म्हणून. त्याची उसळी अजून आलेलीच नसते, उसळीत असते ती बहीण! शाळेत आठवड्याला लोहाची निळी गोळी मिळते, तीही पोरी मळमळतं म्हणून दप्तरात ठेवतात. राज्यातल्या निम्म्याहून अधिक किशोरींचं रक्त कमी आहे.

मुरगुडात खुराक म्हटलं की तालीम आलीच. इथल्या सदाशिवराव मंडलिक कुस्ती संकुलानं नंदिनी साळोखे, स्वाती शिंदे यांच्यासारख्या मुली मॅटवर उतरवल्या, आणि मुलीलाही खुराक लागतो ही गोष्ट गावाच्या गळी उतरली ती त्यामुळे. ज्या पोरी कुस्ती खेळत नाहीत त्यांच्या घरी मात्र ती अजून उतरायची आहे. पालक विचारतात, व्यायामानं पोरगी खुरटते का? जोर-बैठकांनी नाही, वजनांनीही नाही. उपासानं खुरटते. खालच्या वजनगटात बसवायला वाढत्या वयात जेवण तोडलं तर पाळी लांबते आणि वाढीवरही ताण येतो.

आणि बारला लटकणं, उंचीची पावडर, महिन्यात दोन इंचांची हमी? चकती उघडी असेल तर भाकरी-डाळीवर वाढणारच आहे, मिटली असेल तर कुठल्याही डब्यानं उघडत नाही. उघडी आहे की मिटली, ते डाव्या हाताच्या एक्स-रेवर दिसतं. सतरा वर्षांच्या पोरीच्या बापानं हजारो रुपये अशा डब्यांवर घातलेले मी बघितलेत. तेच पैसे ती दहा वर्षांची असताना अंड्यांवर घातले असते तर!

डॉक्टरकडे जायचं ते वेगळ्याच कारणांसाठी. आठ वर्षांच्या आत छाती दिसू लागली, तेरा उलटूनही काही खूण नाही, पंधरापर्यंत पाळी नाही, किंवा पाळीच्या आधीच्या वर्षांत उंची वर्षाला चार सेंटीमीटरही वाढत नाही, तर थांबू नये. दर दोन-अडीच हजार मुलींत एकीला टर्नर सिंड्रोम असतो. त्यात मुलगी बुटकी राहते आणि वयात येत नाही. लवकर कळलं तर इलाज आहे, चकत्या मिटल्यावर कळलं तर उंचीपुरता तरी नाही.

हे सगळं कळायला आकडा खरा लागतो, प्रगतिपुस्तकातल्यासारखा नव्हे. तेव्हा दिवाळीच्या पाडव्याला अभ्यंगस्नान झालं की घरातल्या आठ ते पंधराच्या पोरींना अनवाणी भिंतीला पाठ लावून उभं करा, डोक्यावर पाट आडवा धरून पेन्सिलीची रेघ मारा, तारीख घाला. पुन्हा गुढीपाडव्याला. पाचेक महिन्यांत तीन-चार सेंटीमीटर सरकली असेल तर उसळी चालू आहे, वाढून दुसरी भाकरी द्या. आणि मोजायचं ते सकाळीच, दोन्ही वेळा. दिवसभराच्या उभ्या राहण्यानं मणक्यांमधल्या गाद्या दबतात आणि माणूस संध्याकाळपर्यंत सेंटीमीटरभर कमी भरतो. भरतीला जाणाऱ्या पोरींना हे आम्हा मास्तरांच्या आधीपासून ठाऊक आहे.