शुऐबाच्या किनाऱ्यावर कायाक आणि गळ : पहिल्या फेरीआधी वारा समजून घ्या

शुऐबा म्हटलं की कुवेतमधल्या आपल्या लोकांच्या डोळ्यांसमोर चिमण्या, टाक्या आणि शिफ्टच्या बसेस येतात. कुवेत शहराच्या दक्षिणेला पन्नास-साठ किलोमीटरवरची ही औद्योगिक वसाहत. तिथला तेलशुद्धीकरण कारखाना १९६८ साली सुरू झाला आणि २०१७ मध्ये बंद झाला. बंदर, वीजकेंद्र आणि समुद्राचं पाणी गोडं करणारे प्रकल्प मात्र आहेतच. त्याच किनाऱ्याच्या आसपास कायाक घेऊन गळ टाकायचा विचार तुमच्या मनात आला असेल, तर आधी एक सांगतो. बंदर आणि कारखान्यांच्या हद्दीतलं पाणी आपल्यासाठी नाही. कायाक उतरवायची ती फहाहीलच्या बाजूला किंवा दक्षिणेला खैरानकडे, जिथे परवानगी असेल तिथेच. तटरक्षक दलाचे नियम आधी विचारून घ्या आणि सिव्हिल आयडी पाण्यात न भिजणाऱ्या पिशवीत सोबत ठेवा.

आता मुख्य विषय, वारा. कोकणातला माणूस इथे हमखास फसू शकतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कोकणात समुद्र पश्चिमेला. पहाटे जमिनीवरून मतलई वारा सुटतो आणि शिडाची होडी बाहेर नेतो. दुपारी समुद्राकडून खारा वारा सुटतो आणि तीच होडी घरी आणतो. जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते आणि लवकर निवते, त्यातून झालेली ही सोय. कुवेतचा किनारा पूर्वेकडे तोंड करून बसलाय आणि इथला दादा वारा म्हणजे शमाल. अरबीत शमाल म्हणजे उत्तर. हा वायव्येकडून येतो, म्हणजे तिरका का होईना, पण जमिनीकडून समुद्राकडे. उन्हाळ्यात, विशेषतः जून-जुलैत, तो दिवस चढेल तसा वाढत जातो आणि रात्री मंदावतो. थोडक्यात, हा न परतणारा मतलई. हलक्या वाऱ्याच्या दिवशी इथेही दुपारी समुद्राकडून झुळूक येते, पण शमाल चालू असला की तिचं काही चालत नाही.

यातला खरा धोका डोळ्यांना दिसत नाही. लाट किती मोठी होणार हे वाऱ्याच्या वेगावर, तो किती वेळ वाहतोय यावर आणि पाण्यावरून किती अंतर वाहत आलाय यावर ठरतं. वारा जमिनीकडून येत असेल तर किनाऱ्याजवळ त्याला पाण्यावर धावायला जागाच मिळालेली नसते. त्यामुळे तुम्ही उभे असता तिथे पाणी कसं ताटासारखं सपाट! कायाक सुरेख पळते, कारण वाराच ढकलत असतो. दोन किलोमीटर आत गेल्यावर लाटा उभ्या राहतात आणि परत वळल्यावर कळतं की येताना आपण वल्हं मारलंच नव्हतं.

थोडा हिशेब करू. बसलेला माणूस आणि कायाक मिळून वाऱ्यासमोर साधारण अर्धा चौरस मीटर येतात असं धरा. ताशी १८ किलोमीटर वाऱ्यात तुमच्यावर सुमारे पाऊण किलो वजनाइतका जोर पडतो. वारा दुप्पट झाला, ताशी ३६, तर जोर दुप्पट नाही, चौपट होतो: तीन किलो. तीन किलो ऐकायला काहीच नाही, पण परतीच्या वाटेवर ते एक क्षणही सुटत नाहीत आणि नवशिक्याचे हात त्यापुढे फार वेळ टिकत नाहीत. म्हणून पहिल्या काही फेऱ्या किनाऱ्यापासून दोनशे-तीनशे मीटरच्या आतच. आणि जाताना आधी वाऱ्याच्या तोंडावर, म्हणजे किनाऱ्याला धरून उत्तरेकडे जा, म्हणजे दमलेल्या हातांना परतताना वाऱ्याची मदत मिळेल. अंदाजात शमाल दिसला की घरी बसून भजी तळावीत.

आता भरती. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ मिळते हे मुंबईकडचं गणित तुम्ही आजोबांकडून ऐकलं असेल. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येतो, त्यावर ते उभं आहे. पण त्याची सुरुवातीची वेळ मुंबईची आहे. आखाताची सरासरी खोली जेमतेम ३५ मीटर. भरतीची लाट ओमानच्या बाजूने शिरून किनाऱ्यांवर आपटत, उलटत इथवर पोचते, त्यामुळे इथलं वेळापत्रक वेगळं. तक्ता कुवेतचाच बघा. पौर्णिमा-अमावास्येला उधाण आणि अष्टमीला भांग हे मात्र इथेही खरं. मासा खातो तो पाणी हलत असताना, हेही तसंच.

कायाक वर बसायच्या प्रकारची घ्या, उलटली तरी पाण्याने भरत नाही. पण उलटल्यावर परत चढता येतं का, हे पहिल्याच दिवशी कमरेइतक्या पाण्यात मुद्दाम उलटवून बघा. चार-पाच वेळा तरी. तोवर गळाला हात लावू नका. लाइफ जॅकेट अंगात हवं, मागे बांधलेलं नको. वल्हं दोरीने कायाकला बांधा, शिट्टी गळ्यात, आणि कधी परतणार हे किनाऱ्यावरच्या कुणाला तरी सांगून जा. आपत्कालीन क्रमांक ११२. थंडीत इथलं पाणी पंधरा अंशांच्या आसपास उतरतं; अशा पाण्यात अचानक पडलं की धाप लागते आणि श्वास आपल्या ताब्यात राहत नाही. पहिलं एक-दोन मिनिट फक्त तरंगत राहायचं.

गळाला काय लागेल? खडकांपाशी हामूर, म्हणजे आपला गोब्रा. शेम लागेल, नशिबात असेल तर चनाद, म्हणजे सुरमई. हामूर लहानपणी मादी असतो, मोठा झाल्यावर त्यातले काही नर होतात. शेमचं बरोबर उलटं: आधी नर, मग मादी. त्यामुळे नुसते मोठेच मासे काढत राहिलं तर हामूरमधले नर आणि शेममधल्या माद्या आधी संपतात. एक मोठा मासा सोडून देण्यामागे एवढं गणित आहे.

साफी मात्र नीट धरा. दिसायला गरीब, पण त्याच्या परांचे काटे विषारी असतात. टोचलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवायचा, भाजेल इतक्या नाही. ते विष प्रथिनांचं असतं आणि उष्णतेने बिघडतं. मग डॉक्टरकडे. थर्मासमध्ये चहाबरोबर थोडं गरम पाणी वेगळं न्यायला हरकत नाही.